पाटातली वाफ

घास तोंडाशी गेला आणि सायकलवरून आलेला माणूस ठाण्याच्या दारात धापा टाकत उभा राहिला.

"सायेब, पंपावर आग लागली. सोपान मिस्त्री जळाला."

फौजदार रावजी गलांडे यांनी घास ताटात परत टाकला. मंगळवारची दुपार, सव्वाचार वाजले होते, सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, आणि बाहेर चैत्राचं ऊन नुसतं भाजत होतं. तरी उठावं लागलं. पुढचे दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही ते नाहीच, आणि त्यात उन्हाचा काही दोष नव्हता.

ही गोष्ट एकोणीसशे छत्तीस सालची. बारामती-इंदापूर रस्त्यावर, इंदापूरच्या अलीकडं तीन मैलांवर आबासाहेब रणवरे यांचा पेट्रोलपंप होता. उंच लोखंडी खांब आणि त्यावर काचेचं नळकांडं. दांडा मारला की लालसर पेट्रोल काचेत चढायचं, आणि ते बघायला येणारेजाणारे उगाच थांबायचे. पेट्रोलची पिंपं बारामतीच्या स्टेशनावरून बैलगाडीनं यायची. ती ओट्यावर आडवी चढवायची आणि रबरी नळीनं जमिनीत पुरलेल्या टाकीत रिकामी करायची. हे काम सोपानचं.

रावजी पोचले तेव्हा आग विझली होती. ओट्यावरचं पिंप काळं पडून फुगलं होतं. बाजूला दुसरं, न पेटलेलं पिंप होतं, त्याचं बूच ढिलं होऊन थेंब थेंब गळत होतं, आणि त्याच्याखाली सहाजण डबे लावून बसले होते. तिथून दहा पावलांवर लिंबाच्या सावलीत सोपान केळीच्या पानांवर पडला होता आणि मरत होता.

"उठा तिथून," रावजी म्हणाले.

एकजण म्हणाला, "सांडतच हाय की सायेब, वाया जातंय."

रावजींनी त्याचा डबा पायानं उडवला. आयुष्यात त्यांनी विहिरीतली मढी काढली होती, कुऱ्हाडीनं फोडलेली डोकी बघितली होती. पण मेलेल्या माणसापेक्षा जित्या माणसांचीच त्यांना जास्त शिसारी यायची.

सोपान बोलू शकला नाही. दिवस मावळायच्या आत तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

गावच्या पाटलांनी निकाल आधीच लावून ठेवला होता. "त्यात शोधायचं काय, फौजदारसायेब? हिकडं पोरगा पेट्रोल ओतत हुता, तिकडं खाली त्याच्या आईनं खोपटात चूल पेटवली. भडका उडाला. उघड हाय."

आई, कुशाबाई, प्रेताच्या उशाशी बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. तो हात ती मांडीवर परका असल्यासारखा ठेवून होती. "मीच जाळला," ती म्हणाली. "काय लिवायचं ती लिवा. अंगठा देते."

तेवढ्यात आबासाहेब पुढं आले. पन्नाशीचा गडी, पांढरंशुभ्र धोतर, डोळे रडून लाल. त्यांनी रावजींचे हात धरले. "फौजदारसाहेब, म्हातारीला दोष देऊ नका. निव्वळ अपघात लिहा. पोटचा गोळा तिच्याच हातनं गेला, आणखी काय शिक्षा व्हायची हाय? क्रियाकर्माचं सगळं मी बघतो."

जमलेली माणसं हळहळली. मालक असावा तर असा, असं कुणीतरी म्हणालं. आणि त्याच घोळक्यात, पदराआड, बायकांत एक शब्द फिरत होता. पोरखाऊ. रावजींच्या कानावर तो आला. कुशाबाईच्याही आला असणारच, कारण तिनं मान आणखी खाली घातली.

गुरुवारी मामलेदारांकडं अहवाल जायचा होता. आईच्या निष्काळजीपणानं मृत्यू, असं त्यात लिहिलं की म्हातारीवर खटला होणार. खटल्यातून सुटलीही असती. पण पोरखाऊ या शब्दातून तिला कुठलं कोर्ट सोडवणार होतं? तिची नणंद सरुबाई हिनं तर तिथंच सांगून टाकलं होतं, हिला आमच्या घरात घेणार न्हाय.

बुधवारी सकाळी रावजी एकटेच पंपामागं गेले.

पोलिसात येण्याआधी चार वर्षं ते कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं ते बघायचं काम. त्यामुळे जमिनीचा उतार त्यांच्या डोळ्याला आपसूक दिसायचा. टाकीच्या तोंडाला लागूनच एक पाट जात होता. कालव्याच्या पाण्याची पाळी संपून आठ दिवस झाले होते, म्हणजे पाट कोरडा असायला हवा. वीस पावलं खाली त्याला दोन फाटे फुटत. थोरला फाटा सर्जेराव या शेतकऱ्याच्या माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, रानात जायचा. धाकटा कुशाबाईच्या खोपटामागं, तिच्या चार वांग्यांना. एका फाट्याचं पाणी दुसऱ्याला वळवायचं तर तोंडावर माती घालून एक बंद करायचं आणि दुसरं मोडायचं. त्या तोंडाला इकडं दारं म्हणतात.

रावजी तिथं उकिडवे बसले.

दोन्ही दारं बंद होती.

पाट असा कुणी ठेवत नाही. एक बंद केलं तर दुसरं उघडं पाहिजे, नाहीतर पाणी कडा फोडून भलतीकडं घुसतं. थोरल्या फाट्याला चपटा दगड उभा लावला होता. दगडाचं पंपाकडचं अंग धुरानं काळं, आणि पलीकडं गवत वाळकं पण न जळलेलं. धाकट्या फाट्याला चिखल घातला होता, अजून दमट. चिखलातून उसाच्या पाचटाचा पीळ बाहेर डोकावत होता. चिखलाला धुराचा डागही नव्हता. पण त्याच्या पुढं, थेट खोपटापर्यंत, पाटातलं गवत जळून राख झालेलं.

रावजींनी बोटांनी चिखल उकरला. चिखलाखालीसुद्धा राखच होती.

त्यांनी हात खाकी विजारीला पुसले आणि शिपायाला सांगितलं की इथं उभा राहा, कोंबडीसुद्धा येऊ देऊ नकोस.

कुशाबाई जळक्या खोपटाच्या भिंतीला टेकून बसली होती. काल दुपारपासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"कुशाबाई, पेट्रोल ओतताना तू चूल पेटवायचीस?"

"कधीच न्हाय. सोपान हाक मारायचा, झालं गं आये, मग मी काडी वढायची. गेल्या साली एकदा भडका उडाला हुता, माजा पदर जळाला. तवापासनं त्यानं ते यंत्र केलं."

"कसलं यंत्र?"

"दोन नळ्या. एक खाली, एक वर. तो म्हनायचा, आये, टाकीत पेट्रोल गेलं की तितकीच वाफ भाईर येती. आन् ती धुरावानी वर जात न्हाय, जड आसती, पान्यावानी पाटानं तुज्याकडं येती. म्हनून दुसऱ्या नळीनं ती परत पिंपात घालायची. वाफ भाईर नको, वास नको, पेट्रोलबी वाया नको. कंपनीचा गोरा सायेब शुक्रवारी बगायला येनार हुता." ती थांबली. "माज्यासाठी केलं हुतं त्यानं ते."

"मग काल यंत्र लावलं नव्हतं?"

"मालकांनी ती दुसरी नळी बारामतीला दिलीया. पितळी तोंड बशिवायला, सायबापुढं झ्याक दिसावं म्हनून. सोपान म्हनला, मग पिंपं ऱ्हाऊ द्या नळी येस्तवर. मालक म्हनले, सायबाला पंप रिकामा दावायचा का? मग त्यानं सकाळीच आमच्या फाट्याचं दारं बांदलं. दगड लावला, माती लावली. म्या बगितलं. वाफ सर्जेरावाच्या मोकळ्या रानात जाईल, तुला काय भ्या न्हाय, म्हनला. दुपारी हितं जेवून मग ओतायला ग्येला."

"दगड तुमच्या फाट्याला लावला? थोरल्या नाही?"

"आमच्या."

"आणि तरी तू चूल पेटवलीस."

तिचे ओठ हलले. "सांगावा आला. मालकांनी च्या सांगितला, पाव्हनं आल्यात, ओतून झालंय. दत्तोबा डायवर सांगून ग्येला. वास तर रोजचाच हुता सायेब, मला कळलंच न्हाय. काडी वढली आन्..."

मग तीच म्हणाली, "मालक लई रडले. लोकं आगीवर घागरी वतत हुती, तवा मालक पाटात खाली वाकले. मला वाटलं माज्या लेकाच्या पाया पडत्यात."

दत्तोबा वरकुटे गावच्या कोरडवाहू रानातला गडी. आबासाहेबांची सर्व्हिस मोटार चालवायचा. सोपानवर त्याचा राग असल्याचं गावाला माहीत होतं, कारण महिन्यामागं पंपाशेजारी बिडी ओढली म्हणून सोपाननं भर उतारूंपुढं त्याच्या कानशिलात वाजवली होती.

"सांगावा तू दिलास?" रावजींनी विचारलं.

"व्हय सायेब. मालक म्हनले, ओतून झालंय, कुशाबाईला म्हनावं च्या टाक."

"पाहुणे कोण होते?"

"मला दिसलं न्हाईत. मी इचारतोय कशाला मालकाला?"

"कुणी ऐकलं हे?"

"आमी दोगंच हुतो." त्याला घाम फुटला. "सायेब, कानाखाली मारली म्हनून मानूस जाळीन का मी?"

रावजींनी त्याला शेजारच्या मोकळ्या पाटात उभं केलं, हातात खोरं दिलं. "दारं बांध."

दत्तोबानं बुटानं माती लोटली, वर एक थाप मारली. रावजींनी तांब्याभर पाणी ओतलं. माती वाहून गेली. दत्तोबा ओशाळला. "आमच्याकडं पाट कुठं हाय? पाऊस पडंल ते पानी."

मग सर्जेराव आला. तोंड कडू करूनच आला. "मला बोलावणारच हुता तुमी. या पंपाच्या वासानं माजी कोथिंबीर बारामतीच्या बाजारात कुणी हातात घीना. गिऱ्हाईक हुंगतंय आन् जुडी तोंडावर फेकतंय. म्हनलो हुतो मी, एक दिवस पंप जळंल. सगळ्यांनी ऐकलंय. पर पोरगं जळावं असं कवा म्हनलो? माज्याच हिरीचं पानी काढून आग इजवली."

"दारं बांधून दाखवा, सर्जेराव."

त्यानं मोठं ढेकूळ उचललं, तोंडात बसवलं, टाचेनं दाबलं. पाणी ओतलं तर थेंब गळाला नाही.

"पाचट घालत नाही?"

"माळव्याच्या रानात पाचट कुठलं आनू? ती ऊसवाल्यांची रीत. पीळ करून चिखलात घालत्यात."

आबासाहेबांकडं रावजी स्वतः गेले. वाड्याच्या ओसरीवर केळी आणि दूध पुढं आलं. रावजींनी हात लावला नाही. खोटं नको, त्यांना खरंच वाफाळलेल्या दुधाकडं बघवेना.

"आबासाहेब, काल चहाचा सांगावा तुम्ही धाडलात?"

"मी?" आबासाहेबांनी कानाला हात लावला. "सगळ्या गावाला इचारा, मी चहा पीतच न्हाय. दत्तोबा म्हनतोय व्हय? बघा बरं. लई दुस्वास हुता त्याला सोपानचा."

"आग लागली तेव्हा कुठं होता?"

"रस्त्यावर, पंपाच्या म्होरं."

"पाटाकडं गेला होता?"

"मागल्या अंगाला फिरकलोबी न्हाय. सकाळी न्हाय, आग लागल्यावर न्हाय. लोकांना पानी आनायला सांगत उभा हुतो."

"यंत्राविषयी काय माहिती आहे तुम्हाला?"

"ते सोपानचं खूळ. मला अडाण्याला काय कळतंय? वाफ वर जाती का खाली, एवढंसुदीक म्हायती न्हाय बघा." आणि त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले.

परतताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना आबासाहेबांचा ऊस लागला. रावजी पाटाच्या कडेनं चालत एकेक दारं बघत गेले. नंतर त्यांनी बारामतीची मोटार धरली.

बारामतीला कासारांच्या आळीत साखरबाई नावाची बाई नवऱ्यामागं दुकान चालवत होती. नळी तिच्याकडंच होती. गुंडाळून, कोपऱ्यात, पितळी तोंड लखलखीत.

"हे कधी तयार झालं?"

"आयतवारी. आबासाहेब स्वतः आले हुते घ्यायला. बघितलं, खूश झाले, आन् म्हनले, शुक्रवारपातुर हितंच ऱ्हाऊ दे."

"घेऊन गेले नाहीत? तयार असून?"

"न्हाई ना. मलाबी नवल वाटलं. लई हुशार मानूस हो. मला सगळं समजावलं, तोंड घट्ट का बसाया पायजे ते. म्हनले, बाई, ही वाफ लई जड आसती, पान्यावानी भुईनं वाहती. चुलीपातुर गेली तर आग उलटी पिंपाकडं पळत येती."

रावजींनी पितळी तोंड उजेडाकडं फिरवलं. त्यावर अक्षरं कोरलेली होती. ती वाचून त्यांनी नळी फडक्यात बांधली आणि परतीची मोटार धरली.

गुरुवारी सकाळी चावडीवर पाटील, आबासाहेब, दत्तोबा आणि सर्जेराव यांना बसवलं होतं. कुशाबाई उंबऱ्याशी बसली होती. बाहेर माणसांची ही गर्दी, कारण फुकटचा तमाशा कुणाला नको असतो.

पाटलांनी लिहून आणलेला कागद पुढं केला. रावजींनी तो उलटा घालून ठेवला.

"आधी मी सांगतो," ते म्हणाले. "मग कुठला कागद खरा ते ठरवू.

"मंगळवारी सकाळी सोपाननं आईच्या फाट्याचं दारं दगड लावून बांधलं. वाफ थोरल्या फाट्यानं सर्जेरावांच्या मोकळ्या रानात जाणार होती. म्हातारीनं चूल पेटवली असती तरी काही झालं नसतं. पण आग लागली तेव्हा तो दगड थोरल्या फाट्यात होता. त्याच्या पंपाकडच्या अंगाला धूर बसलाय, आणि पलीकडचं गवत जळलेलं नाही. दगड आपल्या पायानं चालत गेला नाही. कुणीतरी पाट फिरवला होता. पाणी फिरवतात तसा. थोरलं दारं बंद केलं, धाकटं मोडलं, आणि वाफ म्हातारीच्या चुलीवर सोडली."

पाटील म्हणाले, "पर धाकटं दारं बंदच हुतं की. मी सोता बघितलं आग इजल्यावर."

"बरोबर. आग विझल्यावर. त्या चिखलाखाली मला राख सापडली. म्हणजे गवत आधी जळलं आणि दारं मागून बांधलं. आग लागताना ते सताड उघडं होतं."

चावडीत कुजबुज सुरू झाली. दत्तोबा पुढं सरकून ऐकत होता.

"दत्तोबानं बांधलं असेल का? त्याला दारं बांधताच येत नाही, मी करून घेतलं. सर्जेराव बांधतात, पण ढेकळानं. या दाऱ्यात पाचटाचा पीळ होता. तो पीळ मी काल आणखी बावीस ठिकाणी बघितला. एकाच माणसाच्या उसात." रावजी वळले. "आबासाहेब, ते दारं तुम्ही का बांधलंत?"

"पानी फुकट चाललं हुतं," आबासाहेब म्हणाले.

एवढं सहज म्हणाले की त्यांना स्वतःलाही लगेच कळलं नाही. मग त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"ऐकलंत?" रावजी पाटलांना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तोंडात काहीतरी घाण आल्यासारखे ते एकेक शब्द टाकत होते. "माणसं आगीवर घागरी ओतत होती. ते पाणी पाटात उतरलं आणि उघड्या दाऱ्यातून धाकट्या फाट्यानं चाललं. कुठं? जळत्या खोपटाकडं. एका अंगाला पोरगा जळतोय, दुसऱ्या अंगाला म्हातारीचं घर. आणि या माणसाला काय दिसलं? उघडं दारं. तीस वर्षं उसाला पाणी दिलंय यानं. वाया चाललेलं पाणी याच्या हाताला बघवलं नाही. खोपटाच्या छपराचं उडालेलं पाचट उचललं, पीळ केला, चिखलात दाबला. लपवायला नाही. लपवायचं असतं तर दगडही उचलला असता. निव्वळ सवय. आणि म्हातारीला वाटलं, मालक माझ्या लेकाच्या पाया पडताहेत."

कुशाबाईनं मान वर केली.

"पाटाकडं फिरकलो नाही असं तुम्ही मला म्हणालात. वाफ वर जाते की खाली तेही माहीत नाही म्हणालात. पण रविवारी साखरबाईला तुम्ही शिकवलंत की वाफ भुईनं वाहते, चुलीपर्यंत गेली तर आग पिंपाकडं उलटते. नळी तयार असून तिथंच ठेवलीत, म्हणजे मंगळवारी सोपानला यंत्राशिवाय ओतावं लागेल. दुपारी तो जेवायला बसल्यावर पाट फिरवलात. आणि चहा न पिणाऱ्या माणसानं, न आलेल्या पाहुण्यांसाठी, चहा सांगितला. हे सगळं का, तेही वाचून दाखवतो."

रावजींनी फडकं सोडलं आणि पितळी तोंड उजेडात धरलं.

"'आबासाहेब रणवरे, इंदापूर, यांनी शोधिलेले वाफपरती यंत्र.' शुक्रवारी साहेब आला असता तर सोपान म्हणाला असता, माझं आहे. तेवढं त्याला म्हणू द्यायचं नव्हतं."

आबासाहेबांनी उपरणं मांडीवर नीट घडी करून ठेवलं. "पंप माजा, पिंपं माजी, जागा माजी. लोकं म्हनायची सोपानचं यंत्र. माज्याच पंपावर उभं ऱ्हाऊन म्हनायची. मी म्हनलो त्याला, नाव माजं घाल, तुला आयुष्यभर पोसतो. न्हाय म्हनला. आईसाठी केलंय, म्हनला, इकायला न्हाय."

"म्हणून त्याच्या आईच्याच हातून जाळलात," रावजी म्हणाले. "आणि वर तिला माफ करा म्हणून माझे हात धरलेत." त्यांनी ते हात विजारीला पुसले, पुन्हा पुसले. मग शिपायाला खूण केली.

आबासाहेब उठले. उंबऱ्याशी कुशाबाई बसली होती. बाजूनं जायला वाट नव्हती. ती उठली नाही.

"मालक," ती म्हणाली, "च्या सरुबाईला सांगता आला असता. तिचीबी चूल हाय. माजीच का?"

आबासाहेबांनी तिच्याकडं बघितलं. डोळ्यांत ना राग, ना लाज. रानाचा बांध कुठं आहे ते सांगावं तसं ते बोलले.

"तुझंच खोपट उताराला हुतं."

कुणीतरी थुंकलं. सर्जेराव असावा. कुशाबाई रडली नाही. ती सरकून बसली, वाट मोकळी केली, आणि शिपाई त्यांना घेऊन गेल्यावर रावजींकडं वळली.

"सायेब, तुमचा कागद लिवा," ती म्हणाली. "काडी म्या वढली, ते बी लिवा. ते खोटं न्हाय. पर माज्या लेकाला जाळलं कुणी, ते वरच्या वळीला लिवा. मोठ्या अक्षरात लिवा, म्हंजी ह्या समद्या बायांना वाचून दावता ईल."

रावजींनी नवा कागद घेतला आणि तिनं सांगितलं तसंच लिहिलं.